कमी रॅमच्या फोनवर लोकलचं वेळापत्रक : मेमरी आणि गणनेचा खर्च नेमका कुठे वाचतो?

खारीचा वाटा

आमच्या इमारतीत आणि आसपास अजूनही दोन जीबी रॅमचे अँड्रॉइड फोन वापरणारी बरीच माणसं आहेत. घरकामाला येणाऱ्या मावश्या, सुरक्षारक्षक, निवृत्त आजोबा. त्यांना नेटशिवाय चालेल असं लोकलचं वेळापत्रक हवंय. नुसतं ‘पुढची गाडी कधी’ एवढंच नको, तर ‘मी आत्ता नालासोपाऱ्यात आहे, मुलुंडला लवकरात लवकर कसा पोचेन’ याचं उत्तर हवं. दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वेवर जाण्याचा वेळ त्यात धरलेला असला पाहिजे. पारसिकच्या बोगद्यात नेटवर्क गेलं तरी उत्तर आलं पाहिजे. आणि ॲप उघडताना फोनने दम टाकता कामा नये.

फावल्या वेळात हे ॲप लिहितोय. त्यातून मेमरी आणि गणनेबद्दल जे हाती लागलं ते मांडतो. तुमच्याकडचंही ऐकायचं आहे.

आधी हिशेब. मुंबईत दिवसाला ३,००० च्या आसपास लोकल फेऱ्या होतात. एका फेरीत सरासरी २० टप्पे धरले (टप्पा म्हणजे एका थांब्यापासून पुढच्या थांब्यापर्यंतचा प्रवास) तर सुमारे ६०,००० नोंदी होतात. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी असतात : कुठून, कुठे, किती वाजता निघाली, किती वाजता पोचली, कुठली फेरी.

सरळसोट पद्धत म्हणजे जेसन फाइल (माहिती साध्या मजकुरात लिहिण्याचा एक साचा) वाचायची आणि प्रत्येक नोंदीचा एक ऑब्जेक्ट, म्हणजे मेमरीतला स्वतंत्र गठ्ठा, करायचा. ६४ बिटच्या नेहमीच्या जावा मशीनवर याचं काय होतं ते बघा. ऑब्जेक्टचं हेडर १२ बाइट, तीन स्ट्रिंगचे पत्ते १२, दोन पूर्णांक ८. झाले ३२. मग प्रत्येक स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा. ‘अंधेरी’ हा सहा चिन्हांचा शब्द घ्या. स्ट्रिंगचा ऑब्जेक्ट २४ बाइट आणि आतल्या अक्षरांचा ॲरे ३२, म्हणजे ५६ बाइट. जेसन वाचणारी लायब्ररी दर नोंदीला नवी स्ट्रिंग बनवत असेल तर तेच ‘अंधेरी’ हजारो वेळा मेमरीत बसतं. तीन स्ट्रिंगचे १६८ आणि वरचे ३२ मिळून नोंदीमागे २०० बाइट. ६०,००० नोंदींचे १ कोटी २० लाख बाइट, म्हणजे १२ एमबी. फोनवरचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण अंदाज हाच.

आता माहितीचा आकार बघू. उपनगरी रेल्वेची स्थानकं २५६ पेक्षा कितीतरी कमी आहेत. म्हणजे स्थानकाचा क्रमांक एका बाइटमध्ये मावतो. दिवसात १,४४० मिनिटं असतात, दोन बाइटमध्ये ६५,५३५ पर्यंत मोजता येतं. फेरीचा क्रमांक दोन बाइटमध्ये. एकूण १+१+२+२+२ = ८ बाइट. ६०,००० नोंदींचे ४ लाख ८० हजार बाइट. सरळ २५ पट फरक, आणि यात एकही माहिती गाळलेली नाही. स्थानकांची नावं एकदाच वेगळ्या यादीत ठेवली, पडद्यावर दाखवताना तिथून उचलली. फलाटावरचा इंडिकेटरही गाडीचं एखादं अक्षर, स्लो की फास्ट आणि डबे एवढ्यातच काम भागवतो.

आता शोधायचं कसं? पाठ्यपुस्तकातलं पहिलं उत्तर म्हणजे डायक्स्ट्राचा अल्गोरिदम, सर्वांत कमी खर्चाचा मार्ग शोधणारा, १९५९ सालचा. चालतो, पण त्यासाठी आलेख (स्थानकं आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांचं जाळं) बांधावा लागतो, प्रायॉरिटी क्यू (सर्वांत आधीची वेळ पुढे ठेवणारी रांग) सांभाळावी लागते आणि मेमरीत इकडून तिकडे उड्या मारत फिरावं लागतं. मी वापरलाय तो २०१३ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या संशोधकांनी मांडलेला कनेक्शन स्कॅन. सगळ्या नोंदी सुटण्याच्या वेळेनुसार एका ॲरेत, म्हणजे सलग यादीत, ओळीने लावायच्या. ‘या स्थानकावर मी लवकरात लवकर कधी पोचतो’ असा एक छोटा तक्ता ठेवायचा, सुरुवातीला सगळीकडे अनंत. मग निघण्याच्या वेळेपासून ॲरे सरळ पुढे वाचत जायचा. या नोंदीच्या स्थानकावर मी गाडी सुटायच्या आत पोचलोय का? किंवा या फेरीत आधीच बसलोय का? असेल, तर पुढच्या स्थानकाची वेळ सुधारायची. मुक्कामाच्या स्थानकावर पोचण्याच्या वेळेपेक्षा उशिरा सुटणारी नोंद आली की थांबायचं. बस्स, एक लूप.

सुरुवातीची जागा बायनरी सर्चने (यादी दरवेळी अर्धी करत शोधून) मिळते, ६०,००० मध्ये फार तर १६ तुलना. पुढे तासाला सरासरी तीन हजारांच्या आसपास नोंदी येतात, गर्दीच्या वेळी जास्त. दीड तासाच्या प्रवासाला चार-पाच हजार नोंदी वाचायच्या. प्रोसेसर मेमरीतून एकेक बाइट आणत नाही. साधारण ६४ बाइटची एक ओळ एकदम आणतो. आपल्या ८ बाइटच्या आठ नोंदी एका ओळीत येतात, आणि पुढची ओळ कुठली हे त्याला आधीच कळतं, कारण आपण सरळ चाललोय. मेमरी वाचवायला गेलो आणि वेळही वाचला. हे दोन खर्च एकमेकांच्या उलट असतात असं आपण शिकतो, पण माहिती घट्ट बसवली की बहुतेकदा दोन्ही एकत्र कमी होतात. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

मुलुंडचा मुलगा

व्वा! माटुंग्याला कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला बिग-ओ (माहिती वाढली की काम किती पटीने वाढतं ते सांगायची खूण) शिकवतात, पण त्या ‘ओ’च्या आत हे एवढं दडलेलं असतं हे कोणी इतकं उलगडून सांगितलं नव्हतं.

दोन शंका. एक, पोचण्याची वेळ कळली, पण कुठली गाडी पकडायची आणि कुठे उतरायचं ते या तक्त्यातून कसं कळणार? दोन, दादरचा पूल कुठे आला यात?

खारीचा वाटा

दुसऱ्यापासून सुरू करतो. दादर पश्चिम रेल्वे आणि दादर मध्य रेल्वे अशी दोन स्थानकं धरलीत. एकावर पोचण्याची वेळ सुधारली की दुसऱ्याची पण लगेच सुधारायची, अधिक चालण्याची मिनिटं. आजींसाठी ही मिनिटं वाढवता येतात. कुर्ला, अंधेरी, वडाळा इथेही तसंच, जिथे फलाट बदलावा लागतो तिथे.

आता पहिली. प्रत्येक फेरीसाठी ‘मी हिच्यात कुठल्या नोंदीला चढलो’ आणि प्रत्येक स्थानकासाठी ‘कुठल्या नोंदीला चढून कुठल्या नोंदीला उतरून इथे आलो’ एवढं लिहून ठेवायचं. मग मुक्कामापासून उलटं चालत यायचं. नोंदी ६०,००० आहेत, ६५,५३६ पेक्षा कमी, म्हणून नोंदीचा क्रमांकही दोनच बाइटमध्ये बसतो. ३,००० फेऱ्यांचे ६,००० बाइट, २५६ जागांचे प्रत्येकी चार म्हणजे १,०२४, आणि वेळेच्या तक्त्याचे ५१२. एकूण ७,५३६ बाइट. प्रत्येक शोधाला नवी मेमरी मागायची नाही, हेच तीन ॲरे पुन्हा पुन्हा पुसून वापरायचे. त्यामुळे गार्बेज कलेक्टरला (वापरून झालेली मेमरी झाडून गोळा करणाऱ्या यंत्रणेला) काही कामच उरत नाही. जुन्या फोनवर मध्येच जो झटका बसतो तो पुष्कळदा त्याचाच असतो.

नोंदी ६५,५३५ च्या पुढे गेल्या तर मात्र हा सगळा डोलारा चुपचाप चुकीची उत्तरं देईल. म्हणून फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामातच तपासणी ठेवलीय, मर्यादा ओलांडली की तो फाइल बनवतच नाही. घट्ट बसवलेल्या प्रत्येक आकड्यामागे अशी तपासणी हवीच.

रात्रपाळी

चांगलं लिहिलंय, पण थोडा विरोध नोंदवतो. १२ एमबी आजच्या फोनला म्हणजे काय? एक फोटो त्याच्या आसपास जातो. दोन जीबीच्या फोनलाही ते जड नाही. तुमचा वेळ त्यापेक्षा महाग आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९७४ मध्येच सांगून ठेवलंय की ९७ टक्के ठिकाणी या बारीकसारीक बचतीचा विचार करू नये, अकाली ऑप्टिमायझेशन हे सगळ्या अनर्थाचं मूळ आहे. आमच्या टीममध्ये नवी मुलं येतात आणि पहिल्या दिवसापासून बिट मोजत बसतात. कोड वाचता येत नाही मग. सहा महिन्यांनी त्यांना स्वतःलाही तो कळत नाही.

सर्व्हर असेल तर मी तरी आधी मशीन मोठं घेईन.

खारीचा वाटा

@रात्रपाळी, तुमचा मुद्दा मान्य आहे, अर्धा. क्नूथ त्याच परिच्छेदात पुढे म्हणतात की उरलेल्या ३ टक्क्यांमधली संधी सोडू नये. ते ३ टक्के कुठे आहेत हे डोळ्यांनी बघून कळत नाही, मोजावं लागतं. आधी प्रोफायलर (वेळ आणि मेमरी कुठे जाते ते मोजणारं साधन), मग कोड. याबाबतीत तुमच्या-माझ्यात मतभेद नाही.

पण १२ एमबी हा नुसता साठा झाला. जेसनचा मजकूर वाचताना तो स्वतः मेमरीत असतो, त्याचे तुकडे असतात, मग ऑब्जेक्ट. दोन जीबीच्या फोनमधली बरीच रॅम सिस्टीमकडे आणि मागे चालू असलेल्या ॲपकडे गेलेली असते. आपलं ॲप जितकं फुगलेलं, तितकं ते मागे गेल्यावर अँड्रॉइड लवकर बंद करतं. मग माणूस फोन खिशातून काढतो आणि ॲप पहिल्यापासून उघडायला लागतं, नेमकं गाडी फलाटात शिरताना. ८ बाइटच्या नोंदींची फाइल वाचून समजून घ्यावी लागत नाही. ती आहे तशी मेमरीत मॅप करायची, ज्या भागाला हात लावू तेवढाच भाग आत येतो.

कोड वाचनीय राहिला पाहिजे हे शंभर टक्के खरं. बिटांचा खेळ एका छोट्या क्लासमध्ये बंद केलाय. बाहेरच्या कोडला फक्त ‘सुटण्याची वेळ द्या’, ‘स्थानक द्या’ एवढंच दिसतं.

अबोली

मशीन मोठं घेण्याबद्दल. आमच्या ऑफिसात अनेक वर्षं हेच धोरण होतं. माहिती दर वर्षी वाढते, आणि एक दिवस त्या आकाराचं पुढचं मशीन दुप्पट महाग असतं. क्लाउडचं बिल तासावर येतं, त्यामुळे उधळलेली मेमरी दर महिन्याला पुन्हा पुन्हा भरावी लागते.

एक उदाहरण देते. ‘या महिन्यात वेगवेगळे किती ग्राहक येऊन गेले?’ साधा प्रश्न. सगळे आयडी एका सेटमध्ये टाकायचे आणि मोजायचे. १ कोटी आयडी, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे नुसते आकडेच ८० एमबी, वर हॅश सेटच्या रिकाम्या जागा. असा सेट प्रत्येक शहराचा, प्रत्येक दिवसाचा वेगळा. आम्ही हायपरलॉगलॉग वापरायला लागलो. फ्लाजोले आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेली पद्धत. प्रत्येक आयडीचा हॅश (त्यावरून सूत्राने काढलेला, यादृच्छिक वाटणारा आकडा) काढायचा आणि त्याच्या बिटांत सुरुवातीला सलग किती शून्यं येतात ते बघायचं. सलग दहा शून्यं येणं ही हजारात एखाद्या वेळची गोष्ट आहे. ती दिसली म्हणजे साधारण हजार वेगळे आयडी येऊन गेले असणार. एकाच नोंदीवर विसंबता येत नाही म्हणून हजारो छोट्या खान्यांत हीच नोंद ठेवून सरासरी काढतात. रेडिस या डेटाबेसमध्ये याला १२ केबी लागतात आणि प्रमाणित चूक ०.८१ टक्के. आयडी १ कोटी असोत की १०० कोटी, १२ केबीच. शिवाय तीस दिवसांचे तीस तक्ते एकत्र करून महिन्याचा आकडा मिळतो, कच्ची माहिती पुन्हा वाचावी लागत नाही. आमच्यासाठी खरी बचत तीच ठरली.

मात्र पैशाचा हिशेब, बिलं, शिल्लक यात हे अजिबात वापरू नका. आणि ‘दोन्ही महिन्यांत आलेले ग्राहक किती’ असा छेद काढायला गेलात तर चूक फार मोठी होऊ शकते, विशेषतः छेद लहान असेल तेव्हा. कुठला प्रश्न अंदाजावर भागतो हे ठरवणं हे प्रोग्रामरचं एकट्याचं काम नाही, ज्याला आकडा वापरायचा आहे त्याला विचारायला हवं.

पिंपळपान

खूप दिवसांनी या सदरात असा धागा आला. मी आता निवृत्त आहे, पण ऐंशीच्या दशकात ज्या मशीनवर काम केलं तिथे ६४ केबी म्हणजे ऐश्वर्य होतं.

आपल्याच शहरातली एक गोष्ट सांगतो. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली जो संगणक सुरू झाला, टिफ्रॅक, तो भारतातच घडवलेला. त्यात फेराइट कोअरची (बारीक चुंबकीय कड्यांची) २,०४८ शब्दांची मेमरी होती, शब्द ४० बिटांचा. गुणाकार करून बघा, १०,२४० बाइट होतात. म्हणजे @खारीचा वाटा यांची शोधासाठी लागणारी ७,५३६ बाइटची सामग्री त्यात मावली असती. वेळापत्रक मात्र बाहेर ठेवून तुकड्यातुकड्याने आत आणावं लागलं असतं. आणि ते जमलंही असतं, कारण हा अल्गोरिदम एका दिशेने वाचत जातो. मागे वळून बघत नाही. टेपवर काम केलेल्या माणसाला या गुणाची किंमत लगेच कळते. आम्ही फाइल सॉर्ट करायचो ती अशीच : मेमरीत मावेल एवढा तुकडा आणायचा, लावायचा, लिहून टाकायचा, आणि शेवटी लावलेले सगळे तुकडे एकाच वेळी ओळीने वाचत एकत्र विणायचे. आजही रॅमपेक्षा मोठी माहिती डेटाबेस याच पद्धतीने सॉर्ट करतो.

अबोलीताईंच्या उदाहरणाचा एक पूर्वज : ब्लूम फिल्टर, १९७०. बर्टन ब्लूम यांच्यापुढचं उदाहरण होतं ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचं. पाच लाख शब्द, त्यातले ९० टक्के सोप्या नियमांनी तुटतात, उरलेल्या १० टक्क्यांसाठी डिस्कवरचा शब्दकोश उघडावा लागतो. प्रत्येक शब्दासाठी डिस्क कशाला उघडायची? मेमरीत बिटांची एक पट्टी ठेवायची, ती सांगेल ‘हा शब्द नक्की नाही’ किंवा ‘बहुधा असेल’. ‘बहुधा’ आलं तरच डिस्कला हात. १ टक्का चुकीचे ‘बहुधा’ चालत असतील तर शब्दामागे दहापेक्षा कमी बिट पुरतात, शब्द कितीही लांब असो. चुकलं तर एक जादा फेरी पडते, उत्तर चुकत नाही. अंदाज कुठे वापरावा याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

मुलुंडचा मुलगा

काका, टिफ्रॅकचं माहीत नव्हतं. धन्यवाद!

@खारीचा वाटा, दोन सूचना. १) सगळ्या जोड्यांची उत्तरं आधीच काढून ठेवली तर? फोनवर गणनाच नको. २) पुष्कळ फेऱ्यांचे थांबे सारखेच असतात. चर्चगेट-बोरिवली स्लो म्हणजे तेच थांबे, तेवढीच मिनिटं. मग आराखडा एकदा ठेवायचा आणि फेरीमागे फक्त आराखड्याचा क्रमांक आणि सुटण्याची वेळ.

आणि स्थानकाचं नाव चुकीचं टाइप केलं तरी सापडावं म्हणून मी एडिट डिस्टन्स (एका शब्दाचा दुसरा करायला किती चिन्हं बदलावी लागतात ते मोजणं) लिहून देऊ का? पूर्ण तक्त्याऐवजी दोनच ओळी ठेवून मेमरी वाचवता येते, नुकतंच शिकलोय.

खारीचा वाटा

पहिली सूचना तपासून बघू. १५० स्थानकं धरली तर २२,५०० जोड्या, प्रत्येक मिनिटासाठी एक उत्तर म्हणजे गुणिले १,४४०. ३ कोटी २४ लाख उत्तरं. दोन बाइटचं एक, तरी ६५ एमबी. आणि त्यात फक्त पोचण्याची वेळ आली, मार्ग नाही. वेळापत्रकातली एक गाडी बदलली की कुठली उत्तरं बिघडली हेच शोधत बसावं लागेल. काही हजार नोंदींचा लूप त्यापेक्षा फार स्वस्त आहे.

दुसरी सूचना मात्र मला मनापासून आवडली. फेरीमागे चार बाइट, ३,००० फेऱ्यांचे १२ केबी, अधिक आराखडे. पण आराखडे वाटतात तेवढे कमी निघणार नाहीत. गर्दीच्या वेळी त्याच थांब्यांना एखाददोन मिनिटं जास्त लागतात, म्हणजे वेगळा आराखडा. तरीही डाउनलोडची फाइल खूप लहान होईल. अडचण एवढीच की कनेक्शन स्कॅनला सगळ्या नोंदी वेळेनुसार लावलेल्या हव्यात. म्हणजे फाइल आल्यावर एकदा उलगडायची, मिनिटांच्या खान्यांत मोजून लावायची (काउंटिंग सॉर्ट, तुलना करायचीच नाही) आणि ८ बाइटच्या रूपात फोनवर लिहून टाकायची. रॅममध्ये काही फरक पडणार नाही, डाउनलोड मात्र वाचेल. प्रीपेड डेटा जपून वापरणाऱ्यांसाठी हे फार कामाचं आहे. मार्गच एकक धरून शोधणारा रॅप्टर नावाचा अल्गोरिदमही आहे, २०१२ चा, मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधला. तो तुमच्या आराखड्यांवर थेट चालेल. दोन्ही लिहून बघितलेत तर तुमचा अभ्यासही होईल आणि मला तुलना मिळेल.

एडिट डिस्टन्स जरूर लिहा, पण तिथे मेमरी वाचवू नका. स्थानकाचं नाव दहा-पंधरा चिन्हांचं असतं. दोनशे खान्यांचा तक्ता, काही फरक पडत नाही, सोपा कोड ठेवा. तेच दोन लांब मजकुरांची तुलना असती, दहा हजार चिन्हं विरुद्ध दहा हजार, तर पूर्ण तक्त्याला चार बाइटच्या खान्यांनी ४० कोटी बाइट लागतात आणि दोन ओळींना ८० हजार. तिथे तुम्ही शिकलात ते सोन्याच्या मोलाचं. फक्त दोन ओळींनी अंतर कळतं, बदल कुठेकुठे झाले ते कळत नाही. तेही हवं असेल तर हिर्शबर्ग यांची १९७५ ची युक्ती वाचा : मजकूर मधोमध तोडायचा, अर्ध्यावर पुढून आणि अर्ध्यावर मागून यायचं, छेदबिंदू शोधायचा, मग दोन्ही भागांत पुन्हा तेच. काम साधारण दुप्पट होतं, मेमरी मात्र ओळींपुरतीच राहते.

देवनागरीत एक काळजी घ्या. काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हं मोजली जातात. ‘बोरिवली’ आणि ‘बोरीवली’ यांतला ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आणि अख्खं अक्षर चुकल्याचा फरक यांना सारखी किंमत देऊ नका. ऱ्हस्व-दीर्घाला जवळजवळ फुकट सोडा, लोक तसंच लिहितात.

रात्रपाळी

स्थानकाच्या नावासाठी ‘मेमरी वाचवू नका’ म्हणालात, तिथे मला तुमची बाजू पटली. मी समजत होतो त्यापेक्षा तुम्ही मोजूनमापून चाललात.

रविवारी मेगाब्लॉकला काय करणार? फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवतात, काही रद्द होतात. आणि मध्यरात्रीनंतरच्या गाड्यांचं? १,४४० मिनिटांत त्या कुठे बसणार?

खारीचा वाटा

मध्यरात्रीनंतरची गाडी आदल्या दिवसाचीच धरलीय. रात्री साडेबारा म्हणजे १,४७० वं मिनिट. सार्वजनिक वाहतुकीच्या वेळापत्रकांसाठी जगभर वापरला जाणारा जीटीएफएस साचाही २४ च्या पुढचे तास चालवतो. दोन बाइटमध्ये जागा भरपूर आहे. रात्री बारानंतर कोणी शोधलं तर आधी ‘काल’च्या शेपटात बघायचं, मग ‘आज’च्या सुरुवातीला.

मेगाब्लॉकसाठी रद्द फेऱ्यांची बिटांची पट्टी : ३,००० फेऱ्या, फेरीमागे एक बिट, ३७५ बाइट. वाचताना ज्या फेरीचा बिट लागलाय ती नोंद सोडून द्यायची. वळवलेल्या गाड्या म्हणजे रद्द केलेली मूळ फेरी अधिक नव्या थांब्यांची तात्पुरती फेरी. त्यांची छोटी वेगळी यादी, तीही वेळेनुसार लावलेली. मुख्य यादीत घुसवायची नाही. दोन्ही याद्या बरोबरीने वाचत जायच्या, जिची पुढची वेळ आधी ती घ्यायची. पिंपळपानकाकांनी सांगितलं तेच विणणं. नोंदीच्या क्रमांकांची ६५,५३५ ची मर्यादा दोन्ही यादी मिळून तपासावी लागेल, ते आता फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामात घालतो.

ही यादी शनिवारी संध्याकाळपर्यंत फोनवर पोचली पाहिजे, आणि तिथे गाडं अडलंय. रेल्वेचं पत्रक मजकुराच्या रूपात येतं, त्यातून फेऱ्या हाताने उचलाव्या लागतात. हार्बर आणि ट्रान्सहार्बर मार्ग रोज वापरणारं कोणी दर शनिवारी तपासून द्यायला तयार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. उरण मार्गाच्या फेऱ्याही कोणीतरी प्रत्यक्ष जाणाऱ्याने एकदा पडताळून हव्यात.

अबोली

मी नेरूळला राहते, उरण आणि ट्रान्सहार्बर दोन्ही बघते. व्यनि केलाय.